अडतीस किलोंचा ॲम्प्लिफायर

९ फेब्रुवारी

फुग्या,

वर मायना लिहिलेला नाही. ‘प्रिय’ लिहायची इच्छा नाही आणि ‘अनेक आशीर्वाद’ लिहिलं तर ते खोटं होईल. फोन करत नाही, कारण फोनवर तू मध्येच "ताई, ऐक ना" म्हणतोस आणि मग मी ऐकत बसते. आयुष्यभर तेच झालं. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

मला ॲम्प्लिफायर घ्यायचा आहे. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये १८ एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता मी एकटी तासभर वाजवणार आहे. गायक नाही, ड्रमवाला नाही, मिक्सरवर तू नाहीस. ग्रंथपालबाई चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आमच्या दुकानात आल्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते टेबलासारखं दिसतं आणि रडल्यासारखं वाजतं, ते वाद्य तुम्हीच वाजवायच्या ना?" पेडल स्टील गिटारचं इतकं नेमकं वर्णन चाळीस वर्षांत कुणी केलं नव्हतं. मी हो म्हटलं. मग त्यांनी फोन काढला आणि कौतुकाने मला माझाच व्हिडिओ दाखवला. आपल्या शेवटच्या कार्यक्रमाचा, ऑक्टोबरमधला. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

त्या रात्री संथ गाण्यात माझ्या अंगठ्याची नखी निसटून पेडलांच्या खाली पडली होती, आठवतं? गायकाचा अंतरा संपला, माझी जागा आली आणि मी खाली वाकून फरशी चाचपत होते. व्हिडिओत ते स्वच्छ दिसतं. माझा उजवा हात जमिनीवर आहे. डाव्या हातातली, तारांवर सरकवायची पोलादी दांडी मी बाजूला ठेवलेली आहे. तारांवर कुणाचाच हात नाही. आणि गिटार वाजते आहे. सगळी ओळ, वळणासकट, गोड वाजते आहे, आणि शेवटी टाळ्याही पडल्या. हॉलचे स्पीकर लोकांकडे तोंड करून, स्टेजवर मला तेव्हा यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन तुझ्याकडे आले होते. विचारलं होतं, "फार कळलं का रे?" तू वायरी गुंडाळत म्हणालास, "नाही गं ताई, कुणाला काही कळलं नाही." खरंच सांगत होतास की.

व्हिडिओ मी नऊ वेळा पाहिला. आधी वाटलं, पडद्यामागे तू दुसरं कुणी बसवलं होतंस. कोण असेल म्हणून जळूनही पाहिलं. पाचव्यांदा ऐकताना मात्र एक बारीकशी ‘कुई’ ऐकू आली. दर वेळी दुसरं पेडल दाबलं की कुई. ती माझीच गिटार, पण ती कुई मी आठ वर्षांपूर्वी घालवली. पेडलाच्या सांध्यातलं झिजलेलं बुश बदललं तेव्हा तेलाची बुधली धरून तूच शेजारी उकिडवा बसला होतास. म्हणजे वाजवणारी मीच, पण बारा वर्षांपूर्वीची. तेव्हा आपण बावीस गाणी रेकॉर्ड केली होती, प्रत्येक वाद्य वेगळं. माझी टेप तुझ्याकडेच होती.

तर एकच प्रश्न विचारते. तीन वर्षं तू माझ्या ॲम्पसमोर जो माईक लावत होतास, त्याची वायर कुठे जात होती? एका ओळीत उत्तर दे.

ताई

२३ फेब्रुवारी

एका ओळीत सांग म्हटलं, तर तू दीड पान लिहिलंस. त्या दीड पानात उत्तर दोन शब्दांचं निघालं: कुठेच नाही.

बाकीचं सगळं पान म्हणजे तुझं मन किती मोठं आहे त्याचं वर्णन. माझे वरचे सूर घसरायला लागले होते. गायकाने तुला सांगितलं की ताईंना थांबवा नाहीतर मी थांबतो. तुला मला दुखवायचं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंही लिहिलं आहेस. फुग्या, मूठ माझी होती. ती झाकायला माझाच हात लागतो, तुझा नाही.

आणि ते वाक्य! "शेवटी लोकांना तूच ऐकू येत होतीस, ताई." हे पुन्हा आठवलं तेव्हा मी दुकानात एका आजोबांच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवत होते. ती इतकी दाबली की त्यांनीच माझं मनगट धरलं. लोकांना जी ऐकू येत होती ती एकोणपन्नास वर्षांची बाई होती. मी तिच्या शेजारी बसून, तिच्याबरोबर, तिच्या गाण्याची नक्कल करत होते. तीन वर्षं. शाळेच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगेतल्या मुलांना नुसते ओठ हलवायला सांगतात तसं. पण त्या मुलांना निदान तसं सांगितलेलं तरी असतं.

आता तो ॲम्प. तीन वर्षांपूर्वी घेतलेला तो लहानसा, बारा इंची स्पीकरचा, काळा. मी तेव्हा किती खूश झाले होते याची आठवण आली की अजून कानशिलं तापतात. तू मला रिक्षाने दुकानात नेलंस. "तुझी कंबर बघ, ताई. तो जुना धोंडा उचलून उचलून मरशील. हा घे, एका हातात मावतो. हॉलची काळजी माझ्यावर, समोर माईक लावला की झालं." दुकानदाराला म्हणालास, "आमच्या ताईसाठी हवाय." त्या ‘आमच्या’ने मी विरघळले. जुना मोठा ॲम्प तू लगेच विकून टाकलास. मला वाटलं, भाऊ असावा तर असा. केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

तो ॲम्प हॉलला ऐकू जाऊ नये म्हणूनच निवडला होतास ना? स्टूलवर ठेवून, तिरपा करून, माझ्या कानाकडे तोंड करून. पहिल्या रांगेलासुद्धा पोचू नये म्हणून. मी सांगत होते की आवाजाचं पेडल पूर्ण दाबलं की हा घरघरतो. तू म्हणायचास, "हॉलमध्ये कळत नाही गं." मी म्हणायचे, ड्रमवाल्याचा ठेका हल्ली घड्याळासारखा सरळसोट झाला आहे, जरा सैल वाजव म्हणावं. तू म्हणायचास, "वय झालं त्याचं." टेपशी जुळवून घ्यायला त्याच्या कानात टिकटिक चालू असायची, हे मला आत्ता कळतं आहे. म्हणजे त्यालाही माहीत होतं. गायकाला माहीत होतं. तुझ्या बायकोलाही माहीत असणार, म्हणूनच ती शेवटी शेवटी कार्यक्रमाला यायची नाही. ती तेवढी तरी बरी.

तुला हॉल ऐकायला कुणी शिकवलं, ते विसरलास? तू चौदा वर्षांचा होतास. वाजवणाऱ्याला स्वतःचा ॲम्प ऐकू येतो, हॉल ऐकू येत नाही, म्हणून मी तुला शेवटच्या खुर्चीवर बसवायचे. रुमाल वर केलास तर आवाज वाढवायचा, खाली केलास तर कमी. तेव्हापासून माझे अर्धे कान तुझ्याकडे होते. दुसऱ्या कुणी फसवलं असतं तर शिव्या देऊन मोकळी झाले असते.

तू ॲम्पबद्दल चार नावं सुचवली आहेस आणि "हलकाच घे" असंही लिहिलं आहेस. आभार. त्या चारांपैकी एकही घेणार नाही.

१२ मार्च

फुग्या,

तुझं दुसरं पत्र आलं. पूर्ण वाचलं नाही. "तू माझ्या जागी असतीस तर" इथपर्यंत वाचलं आणि ठेवून दिलं.

ॲम्पच्या शोधात तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानातला मुलगा गोड होता, पण त्याने मला जे दाखवलं ते गुरगुरण्यासाठीच बनवलेलं होतं. नेहमीच्या गिटारवाल्यांना आवाज फाटलेला लागतो, त्यासाठी ते जास्तीचे पैसेही मोजतात. मी म्हटलं, मला अजिबात न फाटणारा हवा. तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी बिनदुधाचं आईस्क्रीम मागितलं. दुसऱ्या दुकानात जुन्या पद्धतीचा, काचेच्या नळ्यांचा होता. चाळीस वॉटचा. फुग्या, आवाज काय सांगू! तापलेल्या तुपासारखा. जीव जडला. पण आपलं वाजवणं कसं असतं ते तुला माहीत आहे: तार छेडताना उजव्या पायाखालचं आवाजाचं पेडल अर्धंच दाबायचं, आणि सूर विझायला लागला की हळूहळू दाबत न्यायचं, म्हणजे सूर लांबतो. निम्मी ताकद कायम शिलकीत ठेवावी लागते. त्या देखण्या ॲम्पची शिलक शेवटच्या इंचाला संपली आणि तो कण्हला. हळहळत उठले.

तिसरं दुकान म्हणजे दुकान नाहीच, दुरुस्तीची खोली आहे. जिन्याखाली. भिंतीभर ड्रॉवर आणि प्रत्येकावर पेन्सिलीने लिहिलेलं, मध्ये एक टेबल, त्यावर पोट उघडलेला रेडिओ. मिस्त्री माझ्याच वयाचा. बोलतो कमी, आणि बोलतो ते न बोलला असता तर बरं झालं असतं असं. त्याच्याकडे एक ट्रान्झिस्टरचा ॲम्प होता, पंधरा इंची स्पीकरचा, दोनशे वॉटचा. वजन विचारलं तर म्हणाला, "अडतीस किलो. चाकं मी लावून देईन. कंबर तुमची तुम्ही बघा."

मी गिटार रिक्षातून नेलीच होती. मांडली, सूर लावले. तो खोलीच्या बाहेर, जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन पाठ करून बसला. म्हणाला, "इथून ऐकतो. समोर बसलं की माणूस तोंड बघून ऐकतो." मी दहा मिनिटं वाजवलं. पेडल तळापर्यंत दाबलं तरी ॲम्पला ढिम्म नाही. इतकं बरं वाटलं की मी डोळे मिटून वरच्या पट्टीत गेले, तुला माहीत असलेल्या त्या जागी.

तो खाली आला. म्हणाला, "खालचं फार चांगलं आहे. वर तुम्ही बेसूर होता, बाई, तारांखालच्या बाराव्या घराच्या पुढे. आणि ट्रेबल केवढा ठेवलाय, कानात सुई घातल्यासारखं होतंय."

ट्रेबलचं बटण मी दहापैकी नऊवर ठेवलं होतं. मला ते जेमतेम पुरेसं वाटत होतं.

मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. मुद्दाम रागाने गिटार आवरायला घेतली, आणि पेडल स्टील रागाने आवरता येत नाही. चार पाय काढा, पेडलांच्या सळ्या काढा, खोक्यात नीट रचा. वीस मिनिटं लागतात. तो तेवढा वेळ रेडिओ दुरुस्त करत बसला होता. निघताना म्हणाला, "ॲम्प ठेवतो तुमच्यासाठी. महिनाभर कुणाला दाखवत नाही."

रस्त्यात रडले. तू जे तीन वर्षं सांगितलं नाहीस ते एका परक्या माणसाने तीन वाक्यांत सांगितलं, आणि मी मेले नाही. घरी येऊन चहा केला.

२५ मार्च

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तुला कळवायचं नव्हतं, पण सांगायला दुसरं आहे कोण? हा राग वेगळाच आहे, ज्याच्यावर रागवायचं त्यालाच सगळं सांगावंसं वाटतं.

बंद खोलीत बसवतात. कानाला मोठे हेडफोन, हातात बटण. बारीक टूं ऐकू आलं की दाबायचं. पहिले आठ-दहा टूं आले, आणि माझ्या लक्षात आलं की त्यांना एक लय आहे. मग काय, मी लय धरली. ऐकू येवो न येवो, सम आली की बटण दाबत गेले. वाटलं, पैकीच्या पैकी मार्क. डॉक्टरबाईंनी दार उघडलं आणि विचारलं, "तुम्ही संगीतातल्या का?" मी फुशारून हो म्हटलं. त्या म्हणाल्या, "शेवटची दोन मिनिटं मी काहीच वाजवलं नाही. तुम्ही तेव्हाही बटण दाबत होता, अगदी तालात."

तू हसतो आहेस हे मला इथून दिसतं आहे. हस. मीही हसले, मग हुंदका आला.

आमच्या दुकानात असे लोक रोज येतात. तक्त्यावरची शेवटची ओळ पाठ करून येतात आणि घडाघडा म्हणून दाखवतात. मी त्यांना तोंडावर सांगते, "आजोबा, पाठांतर छान आहे, पण तुम्हाला दिसत नाहीये." छत्तीस वर्षं लोकांना हे सांगण्याचा मला पगार मिळतो. रागावतात, पाय आपटतात, आणि चष्मा लावून घरी जातात. मला कुणी का सांगितलं नाही?

दुसऱ्यांदा नीट तपासणी झाली. आलेख बघितला. खालचे सूर चांगले आहेत. वरच्या बाजूला रेघ टेकडी उतरावी तशी खाली येते. यंत्र लावलं तर बोलणं समजायला मदत होईल. गाण्यातल्या वरच्या सुरांचं काय, याची खात्री डॉक्टर देत नाहीत. यंत्राला सरावायलाच काही महिने जातील म्हणाल्या, म्हणजे अठरा तारखेआधी नाहीच.

आता जे मी आजवर लिहिलं नाही ते लिहिते. मला थोडं ठाऊक होतं. कुकरची शिट्टी शेजारणीला आधी ऐकू यायची. ट्रेबलचं बटण मी दर वर्षी एकेक घर पुढे नेत होते, आणि तू बघितलंस तर म्हणून जुन्या खुणेची चिकटपट्टीही सरकवत होते. कार्यक्रमानंतर मी तुला विचारायचे, "बरं झालं ना?" असं कधी विचारलं नाही की "वरचे सूर लागले ना?" उत्तर नको असेल तेव्हा माणूस प्रश्न असाच विचारतो.

म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. मी स्वतःला फसवत होते, तो माझा आणि माझा मामला होता. कधीतरी मीच मला पकडलं असतं. तू मध्ये पडलास आणि मला पकडायची जागाच ठेवली नाहीस. लोक खुर्चीत चुळबुळले असते, कुणी तोंड वाकडं केलं असतं, तर मला कळलं असतं. तू मला टाळ्या ऐकवल्यास.

६ एप्रिल

फुग्या,

घेतला. तोच, अडतीस किलोंचा. नाकापेक्षा मोती जड म्हणशील, म्हण. मिस्त्रीने चाकं लावली, आणि मागे एक दणकट मूठही. जिन्यावरून वर आणताना शेजारच्या दोघांनी हात लावला. आता बैठकीच्या खोलीत तो आहे आणि मी आहे, तिसऱ्याला बसायला जागा नाही.

का घेतला ते सांगते, कारण हे तुला कळेल, आणि कळणारं माणूस मला दुसरं नाही. पंधरा इंची स्पीकरचं खालचं आणि मधलं अंग भरदार आहे. मी आता बाराव्या घराच्या खालीच वाजवणार. वरती घरं जवळजवळ असतात, तिथे डोळ्यांनी भागत नाही, कानच लागतो, आणि तो माझ्याकडे नाही. खाली आहे. चाळीस वर्षं मी वरच्या सुरांवर टाळ्या घेतल्या आणि खालच्या तारांकडे लक्षच दिलं नाही. सध्या रोज सकाळी दुकानात जायच्या आधी दोन तास बसते. सगळ्या चाली खाली उतरवते आहे. काही उतरतात. काही रुसून बसतात, त्यांना सोडून दिलं.

ट्रेबल चारवर. मिस्त्रीने घरी येऊन, आमच्या जिन्यातून ऐकून ठरवलं. मला चारवर काय ऐकू येतं सांगू? रजईखालून कुणी बोलतंय तसं. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "हे फार मंद आहे." तो म्हणाला, "तुम्हाला." मी विचारलं, "तुमच्यावर विश्वास का ठेवू?" म्हणजे बघ माझी काय अवस्था केलीस. दुधाने तोंड पोळलेली मी, एका भल्या माणसाला ताकासारखं फुंकत होते. तो रागावला नाही. म्हणाला, "नका ठेवू. दहा माणसं बोलवा आणि विचारा." मी दहा जणांना नाही विचारलं. खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारलं, जिचं माझ्याशी पाण्यावरून भांडण आहे. ती म्हणाली, "आधीपेक्षा सुसह्य आहे." चारवर ठेवला.

तू कळवलंस की अठराला येतोस, शेवटच्या रांगेत बसशील, हॉल सांभाळशील. रजासुद्धा टाकली आहेस.

येऊ नकोस.

हे रागाने लिहीत नाही. म्हणजे, रागानेच लिहिते आहे, पण विचार करून. तू हॉलमध्ये असलास तर मी हॉल ऐकणार नाही, तुझं तोंड बघेन. आणि तुझ्या तोंडावरचं मला आता वाचता येत नाही. तिथे माईक नाही, मिक्सर नाही, वायर एकच आहे, गिटारपासून ॲम्पपर्यंत, मध्ये पायाखालचं पेडल. बेसूर झालं तर बेसूर जाईल. भीती वाटते. काल हाताच्या बोटांना इतका घाम आला की नखी बसेना. ग्रंथपालबाईंना नकार कळवावा असं दोनदा मनात आलं, एकदा तर वाचनालयाच्या दारापर्यंत गेले आणि एक पुस्तक घेऊन परत आले.

१९ एप्रिल

फुग्या,

तू आला नाहीस, बरं केलंस.

साठेक माणसं होती. खुर्च्या लाकडी, कुरकुरणाऱ्या. ॲम्प माझ्या मागे, जरा डावीकडे, जमिनीवर. पाच वाजता ऊन खिडकीतून थेट तारांवर पडत होतं. ग्रंथपालबाईंनी पडदा ओढला आणि म्हणाल्या, "करा सुरू."

पहिल्या दोन चाली खालून गेल्या. मला रजईखालचंच ऐकू येत होतं. लोकांना काय ऐकू येतंय याचा काही पत्ता नव्हता, त्यामुळे मी त्यांच्याकडे बघत वाजवलं. आजवर कधी बघितलं नव्हतं, गरजच नसायची. एक बाई पिशवीवर बोटं वाजवत होती. एक गृहस्थ पेंगत होते, ते मी सुरू करायच्या आधीपासून पेंगत होते, ते माझ्या खात्यात धरत नाही.

तिसऱ्या चालीत घात झाला. हाताला सवय. मन भरून आलं की दांडी आपोआप वर सरकते. सतराव्या घरावर गेले आणि पेडल दाबत सूर लांबवला, सगळ्या दोनशे वॉटनिशी. मला तो लागल्यासारखा वाटला. दुसऱ्या रांगेत आमच्या दुकानातले एक गिऱ्हाईक बसले होते, गेल्या वर्षी मीच त्यांना चष्मा लावला. त्यांनी एक डोळा मिटला आणि तोंड असं केलं, लिंबू चावल्यासारखं. त्यांच्या बायकोने त्यांना कोपर मारलं.

मी थांबले. दांडी उचलली. "चुकलं," म्हटलं. "परत घेते." एक जण खोकला. मी तीच ओळ खाली, पाचव्या घरावर घेतली आणि शेवटपर्यंत नेली.

फुग्या, मला त्या क्षणी इतका आनंद झाला की काय सांगू. तीन वर्षांत पहिल्यांदा माझी चूक लोकांना ऐकू आली होती. म्हणजे मी तिथे होते.

संपल्यावर टाळ्या पडल्या. आपल्या जुन्या टाळ्यांच्या निम्म्याही नाहीत. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "मधे एकदा कसंतरीच झालं हो, पण बाकीचं छान." मी त्यांचे दोन्ही हात धरले. त्यांना वाटलं मला लागलं, म्हणून सॉरी सॉरी म्हणायला लागल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवाल का, असंही विचारलं त्यांनी. मी हो म्हटलं आहे.

आज सकाळी तुला माफ केलं असं लिहायला बसले होते. हे चौथं पान आहे, आधीची तीन फाडली. लिहवत नाही. पुढे लिहवेल की नाही, माहीत नाही. तू वाईट नाहीस, हे मला कळतं. तुझ्या मायेत काही खोट नव्हती, हेही कळतं. त्यानेच जास्त जळतं.

पण एक गोष्ट तू करू शकतोस, आणि ती फक्त तुलाच करता येईल. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तू माझी वायर पहिल्यांदा काढलीस. त्याच्या आधीचा एक कार्यक्रम असणार, जिथे ती शेवटची जोडलेली होती. त्या संध्याकाळी लोकांनी मला ऐकलं, आणि त्यानंतर नाही. मला तो दिवस वेगळा आठवत नाही. बाकीच्या संध्याकाळींसारखाच तो गेला असेल, मी गिटार आवरली असेल, घरी जाऊन झोपले असेन. कुठला हॉल होता, शेवटचं गाणं कुठलं होतं, मी बरी वाजवली होती का?

तारीख कळव. बाकी काही लिहू नकोस.

ताई